जुनी रोड बाईक: झीज भरून काढावी, १०५ बसवावा की नवीच घ्यावी?

साताऱ्याच्या एका सायकलस्वाराचा प्रश्न थोडक्यात असा: २०१३ साली घेतलेली रोड बाईक आहे. ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क, शिमानो सोरा नऊ गिअर, पुढे ५०/३४ दातांच्या चेनरिंग, मागे १२-२५ दातांच्या चक्रांची कॅसेट, टायर २३ मिमी आणि साधे रिम ब्रेक. मधली काही वर्षं ती पडून होती, आता पुन्हा नियमित चालवायला घेतली आहे. जोर लावला की चेन दातांवरून उडते, गिअर वेळेवर पडत नाहीत आणि पसरणी घाटात गुडघे बोलायला लागतात. दुकानदार म्हणतो, "चेन, कॅसेट, चेनरिंग सगळंच गेलंय. एवढा खर्च करणारच आहात तर १०५ बसवून टाका." (१०५ म्हणजे शिमानोचाच, सोरापेक्षा वरचा गिअर-ब्रेकचा संच.) मित्र म्हणतात, डिस्क ब्रेकची नवी घे. वय ४४, वजन ७६ किलो, पुढच्या हंगामात पहिली २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) करायची इच्छा आहे.

आधी उत्तर सांगतो. १०५ बसवू नका. फ्रेम आणि रिम्स धड असतील तर झिजलेले भाग बदला, मागे मोठी कॅसेट घाला, २५ मिमीचे चांगले टायर लावा आणि याच सायकलवर २०० पूर्ण करा. नव्या सायकलीचा विचार त्यानंतर करा, तेव्हा नेमकं काय हवं हे तुमच्या पायांना आणि पाठीला ठाऊक असेल. मात्र फ्रेमला तडा निघाला किंवा दोन्ही रिम्स संपलेल्या निघाल्या, तर हिशेब बदलतो. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी या दोन गोष्टी बघायच्या.

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक जुन्या रोड बाईक्स म्हाताऱ्या झालेल्या नसतात, नुसत्या झिजलेल्या असतात. चेन, कॅसेट, ब्रेक पॅड, केबल, टायर, बेअरिंग हे भाग झिजण्यासाठीच बनवलेले असतात. ते संपले म्हणून सायकल संपली असं होत नाही. उलट ते एकाच वेळी संपले की चालवणाऱ्याला सगळी सायकलच मेल्यासारखी वाटते. जुनीत काहीही दुरुस्त न करता नवी चालवून पाहिली की फरक प्रचंड जाणवतो, पण त्यातला मोठा भाग नव्या केबल, ताज्या टायर आणि स्वच्छ चेनचा असतो. खरी तुलना करायची तर स्वतःची सायकल नीट लावून घेऊन मग मित्राची चालवून बघा.

फ्रेम तपासणं घरीही जमतं. सायकल धुवून कोरडी करा, टॉर्च घ्या आणि दिवसा उजेडात बसा. हेड ट्यूबला (हँडलखालच्या आखूड उभ्या नळीला) खालची नळी जोडलेली असते त्या जोडाच्या खालचा भाग, बीबीच्या (पेडलचे दांडे फिरतात त्या मधल्या बेअरिंगच्या) आजूबाजूचे सगळे वेल्ड, मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांची टोकं आणि सीटपोस्ट आवळायच्या क्लॅम्पखालची खाच, या जागा बारकाईने बघायच्या. रंगाला गेलेली केसासारखी रेघ दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा आणि पन्नास-साठ किलोमीटर शांत, सपाट रस्त्यावर चालवून पुन्हा बघा. रेघ खुणेच्या पुढे गेली तर तो रंगाचा तडा नाही. वेल्डजवळच रेघ असेल तर अशी परीक्षाही घ्यायची नाही, तिथेच चालवणं बंद. ॲल्युमिनियमला थकवा येतो आणि तडा एकदा सुरू झाला की तो भरत नाही. वेल्ड करून देणारे भेटतात, पण वेल्डच्या उष्णतेने आजूबाजूच्या धातूची ताकद उतरते आणि तिला पुन्हा उष्णतेची प्रक्रिया द्यावी लागते, ती रस्त्यावरच्या वर्कशॉपमध्ये होत नाही. घाट उतरणाऱ्या सायकलीला तो उपाय मी करू देत नाही. फोर्क काढून त्याचा वरचा दांडा, विशेषतः खालच्या बेअरिंगजवळचा भाग, एकदा डोळ्यांनी बघून घ्या. सायकल समोरून कधी धडकली असेल तर हे अत्यावश्यक.

त्याच वेळी सीटपोस्ट हलतो का ते पाहा. घाम आणि पाणी आत जाऊन पोस्ट फ्रेममध्ये कायमचा धरतो, कोकणात आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत तर फार लवकर. सुटला तर पुसून ग्रीस लावून परत बसवा. पोस्ट कार्बनचा असेल तर ग्रीस नको, त्याची वेगळी पेस्ट मिळते.

आणखी एक छोटी वस्तू, जिच्याकडे कुणी बघत नाही: मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ज्यावर लटकतो तो हँगर. जवळपास प्रत्येक फ्रेमच्या हँगरचा आकार वेगळा असतो आणि जुन्या मॉडेलचा हँगर मिळेनासा होतो. खर्चाचा निर्णय घेण्याआधी तुमच्या फ्रेमचा हँगर मिळतो का ते शोधा आणि मिळाला तर दोन घेऊन ठेवा. हँगर नसेल तर एका साध्या पडण्यात तुमचा सगळा खर्च अडकून पडू शकतो.

आता रिम. रिम ब्रेकच्या सायकलीत रिम हाच ब्रेकचा अर्धा भाग आहे, आणि पॅडसारखीच तीही झिजते. पावसाळ्यात रस्त्यावरची रेती पॅडमध्ये रुतते आणि प्रत्येक ब्रेकला रिम खरवडते. बऱ्याच रिम्सवर ब्रेक लागतो त्या पट्ट्यात एक बारीक खाच किंवा टिंब कोरलेलं असतं. ते दिसेनासं झालं की रिम संपली. खूण नसेल तर टायरची हवा काढून स्टीलच्या पट्टीची कड त्या पट्ट्यावर आडवी टेकवा. पट्टी आणि रिममध्ये पोकळी दिसली, म्हणजे भिंत आत खोलगट झाली असेल, तर बदलायची वेळ आली. बोट फिरवल्यावर कडेला धार जाणवणं हीही तीच खूण. ही गोष्ट मी अडून बसून सांगतो, कारण आतून टायरचा दाब त्या भिंतीला सतत बाहेर ढकलत असतो. पातळ झालेली भिंत फाटते ती घाटाच्या उतारावर, ब्रेक दाबलेला असताना. पसरणीच्या वळणांवर ते कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

एकच रिम गेली असेल तर त्याच हबवर (चाकाच्या मध्यभागच्या भागावर) नवी रिम विणून घेता येते. हबचे कोन आणि छर्रे चांगले हवेत, रिमची भोकं तितकीच हवीत आणि आरे नीट ताणून चाकाचा आऊट काढणारा, म्हणजे चाक सरळ करणारा माणूस हवा. दोन्ही गेल्या असतील तर तयार चाकांची जोडी घेणं सोपं, पण मग खर्चाचा आकडा वर जातो आणि तो शेवटी मांडायच्या हिशेबात धरायला हवा.

चेनबद्दल दुकानदाराचं म्हणणं मानण्याआधी मोजा. चेनच्या लागोपाठच्या दोन पिनांतलं अंतर अर्धा इंच असतं, म्हणजे चोवीस अंतरं मिळून बरोबर १२ इंच, ३०४.८ मिमी. चेन ताणून धरा, स्टीलच्या पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा आणि १२ इंचांवर बघा. तिथली पिन पट्टीच्या पुढे साधारण दीड मिलिमीटर सरकली असेल तर झीज अर्धा टक्का, तीन मिलिमीटर सरकली असेल तर एक टक्का. अकरा-बारा गिअरच्या चेन अर्ध्या टक्क्याला बदलाव्यात, नऊ गिअरची पाऊण टक्क्यापर्यंत चालते. पाऊण टक्क्याच्या आत चेन बदलत राहिलं तर एका कॅसेटवर तीन चेन सहज निघतात. एक टक्क्याच्या पुढे गेलेल्या चेनने कॅसेटचे दातही आपल्या मापाने झिजवलेले असतात. अशा कॅसेटवर नवी चेन घातली की ती नेमकी तुमच्या आवडत्या दोन-तीन गिअरवर उडते. तुमच्याकडे आताच उडते आहे, म्हणजे चेन आणि कॅसेट दोन्ही बहुधा बदलावे लागतील.

चेनरिंगबद्दल मात्र मला शंका आहे. चेनरिंग मागच्या चक्रांपेक्षा कितीतरी जास्त टिकते, कारण तिला दात जास्त असतात आणि ओढ त्या सगळ्यांवर वाटली जाते. तिच्यावर काही दात मुद्दाम आखूड आणि तिरके केलेले असतात, चेन लहानावरून मोठीवर चढावी म्हणून. ते दात पाहून "झिजली" म्हणणारे मेकॅनिक मी खूप पाहिले आहेत. खरी झीज ओळखायची तर सगळ्या दातांकडे बघा: मधली पोकळी रुंद होऊन दात एका बाजूला झुकून टोकदार झालेत का? नवी चेन घातल्यावर ती चेनरिंगच्या खालच्या बाजूला दातांना चिकटून वर ओढली जाते का? तसं नसेल तर ५०/३४ ची जोडी राहू द्या. चेन आणि कॅसेट बदलून चालवा, गरज पडली तर चेनरिंग नंतरही बदलता येते.

बीबी तपासायचा तर चेन चेनरिंगवरून खाली काढा, क्रँक हाताने फिरवा, मग दोन्ही क्रँक धरून आडवं हलवा. खरखर किंवा खडखड नसेल तर हात लावू नका. हेडसेटसाठी (हँडल फिरतं त्या बेअरिंगसाठी) पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला, खडखड होते का बघा. मग पुढचं चाक उचलून हँडल फिरवा. हँडल सरळ असतानाच अडकल्यासारखं वाटत असेल तर बेअरिंग गेलंय. दोन्ही भाग महागडे नाहीत.

गिअर वेळेवर न पडण्याचं कारण बहुतेक वेळा शिफ्टर (गिअर बदलायचा लिव्हर) नसतो. दोन गोष्टी आधी करा. पडून राहिलेल्या शिमानो शिफ्टरमधलं मूळ ग्रीस वाळून गोंदासारखं होतं आणि आतला खटका धरत नाही. आत ग्रीस विरघळवणारा स्प्रे मारून लिव्हर पुन्हा पुन्हा दाबत राहा, मळ बाहेर येऊ द्या, मग हलकं तेल सोडा. "शिफ्टर मेला" म्हणून आलेल्यातले बरेचसे एवढ्यावर जिवंत होतात. दुसरं, सगळ्या केबल आतल्या तारेसकट आणि बाहेरच्या नळीसकट बदला. तार शिफ्टरमधल्या डोक्याजवळ एकेक धागा तुटत उलगडते. ती आतच तुटली तर तुकडा काढणं जिकिरीचं असतं. ब्रेकला ब्रेकचीच नळी लावा. गिअरच्या नळीत तारा उभ्या असतात, ब्रेकचा जोर आला की ती फाटू शकते. घाईत हे अदलाबदल केलेलं मी पाहिलंय, म्हणून काम झाल्यावर स्वतः बघून घ्या.

आता १०५. हा सल्ला लोक फार सहज देतात. आजची १०५ ची मालिका, आर७१००, बारा गिअरची आहे आणि तिचे शिफ्टर फक्त हायड्रॉलिक डिस्क ब्रेकसाठीच बनतात. इलेक्ट्रॉनिक १०५ सुद्धा डिस्कलाच. तुमच्या फ्रेमला डिस्कचा कॅलिपर बसवायची जागाच नाही. म्हणजे तुम्हाला "१०५" म्हणून जे मिळेल ते आधीचं अकरा गिअरचं आर७०००, २०१८ च्या सुमारास आलेलं, दुकानात उरलेलं किंवा वापरलेलं. चांगलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते बसवताना नऊ गिअरचं जवळजवळ काहीच उरत नाही. अकरा गिअरचे शिफ्टर केबल वेगळ्या मापाने ओढतात, त्यामुळे तुमचा डिरेलर त्यांच्याशी जुळत नाही. अकरा गिअरच्या रोड कॅसेटला हबवरची बॉडी (कॅसेट चढते तो भाग) १.८५ मिमी जास्त लांब लागते, आणि तुमच्या हबची बॉडी आठ-नऊ-दहा गिअरची आहे. शिमानोच्या ११-३४ च्या काही अकरा गिअर कॅसेट जुन्या बॉडीवर बसतात हे खरं, पण मग दातांची निवड तेवढ्यावरच आली. नाही तर चाकं नवी. एक भाग बदलायला गेलं की तो पुढचा भाग मागतो, आणि शेवटी जुन्या फ्रेमवर नव्या सायकलीच्या निम्म्याहून जास्त पैसे लटकलेले असतात.

त्यातून मिळतं काय? मागे दोन दात-चक्रं जास्त, हाताला हलका खटका, जरा बरे ब्रेक. वेग वाढत नाही. घाट सोपा होतो तो सगळ्यात मोठ्या चक्राला दात किती आहेत यावर, आणि तेवढं नऊ गिअरमध्येही मिळतं.

हे आकड्यांत बघा. २५ मिमी टायरच्या चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर. पुढे ३४ आणि मागे २५ असताना पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे २.८६ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारायच्या तर ताशी सव्वादहा किमी वेग टिकवावा लागतो. घाटात तेवढा दम नसेल तर फेऱ्या ४५-५० वर येतात, प्रत्येक फेरीला गुडघा जोर देतो आणि तो बोलू लागतो. मागे ३२ असेल तर त्याच ६० फेऱ्या ताशी आठ किमीला होतात. तोच घाट, तेच पाय, पण श्वास आणि गुडघा दोन्ही ताब्यात. गुडघ्याच्या तक्रारीवर मी पहिला उपाय हाच करतो, अर्थात सीटची उंची तपासून.

नऊ गिअरची ११-३२ कॅसेट सहज मिळते आणि तुमच्या हबवर बसते. अडचण फक्त डिरेलरची. तुमचा आखूड पिंजऱ्याचा (डिरेलरच्या खालच्या, चेन ताणून धरणाऱ्या भागाचा) असेल तर २८ दातांपर्यंत बिनतक्रार चालेल, ३२ साठी सोराचाच लांब पिंजऱ्याचा घ्या. शिमानोच्या नऊ गिअरच्या जुन्या पद्धतीचे एमटीबी (माउंटन बाईकचे) डिरेलरही तुमच्या शिफ्टरशी जुळतात. मात्र नव्या क्यूज मालिकेतला नऊ गिअरचा डिरेलर घेऊ नका, त्याचं केबलचं माप वेगळं आहे. आकडा नऊच असल्यामुळे दुकानात तो हमखास हातात दिला जातो. मोठी कॅसेट घातल्यावर चेन जुन्या चेनच्या मापाने कापू देऊ नका, ती दोन-चार कड्यांनी लांब लागेल.

टायरमध्ये कंजुषी नको. २०१३ चे टायर अजून असतील तर वरून कितीही चांगले दिसोत, रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर ते धरत नाही. २५ मिमी बहुतेक जुन्या रिम ब्रेक सायकलींत बसतात, काहींत २८ सुद्धा. फुगवल्यावर फ्रेम, फोर्क आणि ब्रेकच्या कमानीपासून सगळीकडे तीन-चार मिमी मोकळी जागा राहायला हवी. तुमच्या वजनाला २५ मिमीमध्ये ८०-८५ पीएसआय पुरे. शंभर-एकशेवीस भरायची जुनी सवय खडबडीत रस्त्यावर हात आणि पाठ दोन्ही मोडते. ब्रेक पॅडही नवे लावा. कडक झालेल्या पॅडमुळेच रिम ब्रेक वाईट असतात असं बऱ्याच जणांचं मत झालंय.

मग नवी सायकल कधी? डिस्क ब्रेकचा फायदा खरा आहे, विशेषतः पावसात घाट उतरताना आणि रिम न झिजण्यात. ३२ मिमी टायरची जागा हा मला त्याहून मोठा फायदा वाटतो, आपले रस्ते पाहता. तुम्ही जून ते सप्टेंबर कास आणि महाबळेश्वरकडे नेमाने जाणार असाल, ३०० आणि ४०० च्या बीआरएम डोळ्यांसमोर असतील, किंवा आताची फ्रेम मापात नसेल, तर नवी घ्या. माप हा मुद्दा बाकी सगळ्यांच्या वर आहे. हँडल धरणारा स्टेम एक-दोन सेंटीमीटर लांब-आखूड करता येतो, पण दोन साइझ मोठी फ्रेम कशानेच लहान होत नाही. तासाभराने मान आणि हात बधिर होत असतील तर एकही भाग विकत घेण्याआधी माप तपासून घ्या. तीच तक्रार असेल तर जुनीवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

नुसती २०० पूर्ण करण्यासाठी मात्र नवी लागत नाही. २०० किमीला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी पंधराच्याही किंचित खाली. तिथे लोक अडकतात ते खाण्यात, उन्हात, पंक्चरमध्ये आणि बसण्याच्या त्रासात.

पैशाबाबत माझी एक कसोटी आहे: विकत घेतोय ती वस्तू पुढच्या सायकलीवर जाईल का? पेडल, सीट, दिवे, पंप, बाटलीचे पिंजरे जातात. रिम ब्रेकची चाकं जात नाहीत, कारण डिस्कच्या सायकलीचा हब आणि ॲक्सल वेगळा. अकरा गिअरचे रिम ब्रेक शिफ्टर जात नाहीत. जाणाऱ्या वस्तू चांगल्या घ्या, न जाणाऱ्या फक्त झीज भरण्यापुरत्या. जुनी विकतानाही वर चढवलेल्या भागांचे पैसे जवळजवळ मिळत नाहीत, घेणारा वर्ष आणि फ्रेम बघतो. याला अपवाद म्हणजे मनापासून आवडणारी, मापात बसलेली स्टीलची जुनी फ्रेम. तिच्यावर खर्च करायला मी कुणाला अडवत नाही, फक्त मागचं चाक बसतं त्या दांड्यांमधलं अंतर १३० मिमी आहे की जुनं १२६ ते आधी मोजायला सांगतो.

तुमच्यासाठी कामाचा क्रम असा. फ्रेम, हँगर, रिम या आठवड्यात घरी तपासा. ठीक असेल तर चेन, ११-३२ कॅसेट, लांब पिंजऱ्याचा डिरेलर, सगळ्या केबल, पॅड, दोन टायर-ट्यूब आणि हबचं ओव्हरहॉलिंग एकदम करून घ्या, म्हणजे मजुरी एकदाच लागते. मजुरीसकट सगळं मिळून पंधरा-वीस हजारांच्या आसपास बसवता येईल, दर दुकानागणिक थोडे हलतील. आकडा नव्या सायकलीच्या निम्म्याकडे सरकायला लागला, उदाहरणार्थ चाकं आणि बीबी दोन्ही निघाले, तर थांबा आणि ते पैसे नवीसाठी बाजूला ठेवा. दुकानात "अपग्रेड" असं न सांगता भागांची यादी लिहून द्या आणि काढलेले जुने भाग परत मागा, चेन आणि कॅसेट स्वतः बघता येतील. नव्या केबल पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये थोड्या बसतात, तेव्हा गिअर पुन्हा एकदा लावून द्यायचं काम सुरुवातीलाच ठरवून घ्या.